प्राथमिकच्या वर्गात कॉम्प्युटर वापरायला सुरुवात करताय? मग हे आधी वाचा

शाळेत लॅपटॉप येतो, प्रोजेक्टर येतो, कधी पाच-सहा टॅबलेट येतात आणि मग कुणीतरी सांगतं की उद्यापासून वर्गात वापरायला लागा. कसं वापरायचं ते कुणी सांगत नाही. ट्रेनिंग झालंच तर त्यात बटणं दाखवतात, हे दाबलं की स्लाइड पुढे जाते, इथे क्लिक केलं की व्हिडिओ सुरू होतो वगैरे, पण समोर वर्गभर पोरं बसलेली असताना तिसरीच्या गणिताच्या तासाला त्या मशीनचं नेमकं करायचं काय हा प्रश्न तसाच राहतो. मी पहिली ते पाचवीला शिकवते आणि ह्या सगळ्यातून गेलेली आहे, म्हणून जे करून बघून टिकलं तेवढंच इथे क्रमाने लिहितेय. कॉम्प्युटर शिकवायचा तास वेगळा, तो इथे नाही. इथे विषय आहे तो गणित, भाषा, परिसर शिकवताना कॉम्प्युटर हाताशी कसा घ्यायचा हा.

१. आधी धडा उघडा, मशीन नंतर

बहुतेक जण सुरुवात ॲप शोधण्यापासून करतात. चांगलं ॲप सुचवा, चांगले व्हिडिओ सुचवा. उलटं करा. पुढच्या महिन्यात जे घटक येणार आहेत ते काढून बसा आणि पेन्सिलने खूण करा की दरवर्षी मुलं कुठे अडकतात, आणि फळ्यावर कितीही चांगलं काढलं तरी आपलं चित्र कुठे कमी पडतं. जिथे फळा अडतो तिथेच स्क्रीन आणायची, बाकी ठिकाणी नाही. ह्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते हीच.

उदाहरण घ्या घड्याळाचं. साडेतीन दाखवायला सांगितलं की कितीतरी मुलं तासकाटा बरोब्बर ३ वर ठेवतात. कारण फळ्यावर आपण काटे पुसून पुन्हा काढतो, त्यामुळे मिनिटकाटा फिरत असताना तासकाटा हळूहळू पुढे सरकतोय हे त्यांना कधी दिसलेलंच नसतं. स्क्रीनवर हलतं घड्याळ घेतलं, मिनिटकाटा एकदा पूर्ण फिरवला आणि 'तासकाट्याकडेच बघा' एवढंच सांगितलं की काम होतं. दोन-तीन मिनिटांचा मामला आहे, पूर्ण तास कॉम्प्युटरवर घालवायची काहीच गरज नाही.

अशा जागा साधारण चार प्रकारच्या निघतात. एक, हलणाऱ्या गोष्टी, घड्याळासारख्या. दोन, फार सावकाश, फार लहान किंवा फार लांब असलेल्या गोष्टी, म्हणजे बी रुजणं, पाण्याच्या थेंबातले जीव, चंद्राच्या कला. तीन, आवाज, पक्ष्यांचे आवाज किंवा मुलाने स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐकणं. आणि चौथ्या म्हणजे ज्यात चुकून चुकून शिकता येतं अशा गोष्टी, तराजूचं संतुलन, बल्ब आणि सेलची जोडणी, जिथे मूल दहा वेळा चुकलं तरी काही जळत नाही आणि कुणी ओरडत नाही.

आता कुठे वापरू नये तेही सांगते. दशक-एकक शिकवताना आधी काड्यांचे गठ्ठे हातात हवेत, स्क्रीनवरच्या काड्या नंतर. वजन, लांबी, माती, पानं, जे हातात घेता येतं ते हातातच द्या. पहिलीतलं अक्षर बोटाने काचेवर गिरवण्यापेक्षा पाटीवर किंवा कागदावर गिरवलेलं बरं, हात बसतो तो तिथे.

हे मी नुसतं मनाने सांगत नाहीये. पेरू देशात 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ह्या योजनेत मुलांना लॅपटॉप वाटले गेले आणि ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांवर झालेला त्याचा अभ्यास २०१२ साली बाहेर आला. ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले तिथे प्रत्येक मुलामागे कॉम्प्युटरचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, म्हणजे मुलांपेक्षा मशीन जास्त झाली, तरी गणित आणि भाषेच्या चाचणीत फरक दिसला नाही. मशीन वर्गात पोचली पण रोजच्या धड्यात गुंफली गेली नाहीत तर असं होतं. त्यामुळे आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे म्हणून खट्टू होऊ नका.

२. हाताशी काय आहे ते बघा

जे आहे त्यानुसार वापर ठरतो, हे लक्षात न घेता दुसऱ्याच्या शाळेत बघितलेला प्रयोग उचलला की फसतो.

फक्त तुमचा स्वतःचा फोन असेल तर आवाज, रेकॉर्डिंग, फोटो आणि खाली सांगितलेली कार्डवाली चाचणी एवढं छान होतं. छोट्या स्क्रीनवर पूर्ण वर्गाला व्हिडिओ दाखवायला जाऊ नका, मागच्यांना काही दिसत नाही आणि दंगा सुरू होतो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही असेल तर सगळ्यांनी मिळून अंदाज बांधायचा आणि मग बघायचं अशा तासांना ते उत्तम. चार-पाच टॅबलेट असतील तर एका गटाला टॅबलेट, बाकीच्या गटांना वेगळं काम आणि फिरतं चक्र. कॉम्प्युटर लॅब असेल तर आठवड्याला एकच तास मिळतो, मग तो तास वर्गातल्या चालू घटकाशी जोडून घ्या, नाहीतर लॅब म्हणजे गेम खेळायची खोली असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं आणि ते नंतर काढणं फार अवघड.

लागणारं सामान, हे एका पिशवीत कायम तयार ठेवा:

- चार्जर आणि लांब वायरचा एक्सटेन्शन बोर्ड
- लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआय केबल, आणि प्रोजेक्टर जुना असेल तर व्हीजीएचा (जुन्या जोडणीचा) कन्व्हर्टर
- छोटा पण दमदार आवाजाचा स्पीकर (लॅपटॉपचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही)
- पेनड्राइव्ह, त्यात सगळ्या फाइलींची कॉपी
- साधा वायरवाला माऊस, मुलांना टचपॅड जमत नाही
- वायर जमिनीला चिकटवायला रुंद चिकटपट्टी
- स्क्रीन पुसायला मऊ कोरडं कापड

३. मशीन घरी तयार करा, वर्गात नाही

लॅपटॉप तुमचा स्वतःचा असेल तर त्यात शाळेसाठी वेगळं युजर अकाउंट बनवा. कारण पूर्ण वर्गासमोर प्रोजेक्टर चालू असताना तुमचे खाजगी मेसेज, फोटो, कुठले कुठले नोटिफिकेशन टपकणं हे कुणालाच नको असतं. फोन जोडणार असाल तर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. अपडेट आदल्या रात्री करून टाका, ऐन तासाला 'कृपया बंद करू नका' येऊन बसतं आणि वीस मिनिटं जातात.

नेटवर भरवसा ठेवू नका. वर्गात जे दाखवायचं ते शक्य तेवढं आधीच उतरवून घ्या. डेस्कटॉपवर 'आजचा तास' असं एकच फोल्डर ठेवा, त्यात फाइलींना ०१, ०२, ०३ असे नंबर द्या म्हणजे वर्गाकडे पाठ करून शोधाशोध करायला लागत नाही. पाठ वळली की वर्ग गेलाच समजा.

मराठी फॉन्टचा घोळ हा खास आपल्याला छळणारा. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांऐवजी भलतंच काहीतरी दिसतं. नवीन सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तसंच दिसणाऱ्या पद्धतीत टाइप करा, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी चालतील, आणि स्लाइडची एक पीडीएफ कॉपी जवळ ठेवा. मुलांना मराठी टायपिंग शिकवणार असाल तर पूर्ण शाळेत कीबोर्डची एकच मांडणी ठरवा. माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे, त्यात मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला असतात आणि इंग्रजी स्पेलिंग यावं लागत नाही. 'ज्ञान' लिहायला आधी इंग्रजी अक्षरं आठवायची हे दुसरीतल्या मुलावर उगाच ओझं आहे.

आणि एकदा तरी रिकाम्या वर्गात सगळं लावून शेवटच्या बाकावर स्वतः जाऊन बसा. तिथून वाचता येतं का, खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो का, आवाज येतो का ते बघा. अक्षरं मोठी करा, एका स्लाइडवर चार ओळींच्या वर जाऊ नका.

४. सॉफ्टवेअर निवडताना

शेकड्याने ॲप आहेत आणि 'शैक्षणिक' हा शिक्का कुणीही लावतं. माझी चाळणी साधी आहे, पाच मिनिटं स्वतः वापरून बघायचं आणि एक प्रश्न विचारायचा की यात विचार कोण करतंय? नुसतं चमकणाऱ्या चौकोनावर टॅप केलं की टाळ्या वाजत असतील तर मूल काही करत नाहीये. चुकल्यावर नुसतं लाल फुली येते का कशामुळे चुकलं ते बघायला मिळतं? जाहिराती आहेत का? मुलाचं नाव, फोटो, ईमेल मागतंय का? घड्याळ लावून घाई करतंय का? हळू विचार करणाऱ्या मुलांचा घाईत पार कचरा होतो, त्यामुळे टायमर बंद करता येत नसेल तर मी ते घेतच नाही.

सुरुवातीला हे पुरेसं आहे, सगळं फुकट:

फेट सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदल करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली हे सुरू झालं, सुरू करणारे कार्ल वायमन हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. अपूर्णांक, क्षेत्रफळ, तराजूचं संतुलन, विजेचं सर्किट असं बरंच काही प्राथमिकला चालण्यासारखं आहे. बऱ्याच सिम्युलेशनचं मराठी भाषांतर आहे आणि एकेक सिम्युलेशन फाइल म्हणून उतरवून नेट नसताना ब्राउझरमध्ये उघडता येतं. माझ्या मते एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या.

जीकॉम्प्री, २००० सालापासून चालू असलेलं, २ ते १० वयाच्या मुलांसाठी, शंभरहून जास्त छोट्या ॲक्टिव्हिटी, जाहिराती नाहीत. माऊस धरायला शिकण्यापासून घड्याळ, बेरीज, नकाशे सगळं. टक्स पेंट हे चित्रांसाठी, ३ ते १२ वयोगटासाठी बनवलेलं, पण मी ते परिसर अभ्यासाला जास्त वापरते, पाण्याचं चक्र काढा, बाण दाखवा, नावं टाका.

स्क्रॅच ज्युनिअर हे ब्लॉक जोडून कोडिंग करायचं ॲप ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यात ब्लॉकवर चित्रं असतात म्हणून वाचता येत नसलं तरी चालतं. त्याहून मोठ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं स्क्रॅच, ते २००७ साली आलं आणि ८ वर्षांपासून पुढे चालतं. कोडिंग हा वेगळा विषय म्हणून न घेता भाषेला जोडा. धड्यातल्या दोन पात्रांचा संवाद स्क्रॅचमध्ये करा म्हटलं की कोण आधी बोलतं, मग काय होतं, हा क्रम मुलं आपोआप नीट बघतात. भूमितीलाही जमतं. १९६७ साली वॉली फॉयरझाइग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो नावाची भाषा बनवली, त्यातलं कासव आज्ञा देऊन चालवायचं असायचं. तोच खेळ आधी मैदानात करा, एक मूल कासव, दुसरं आज्ञा देणार, चार पावलं पुढे, उजवीकडे वळ, असं करत चौरस पूर्ण करायचा. वळणं किती झाली, शेवटी तोंड कुठे आलं हे अंगाने कळलेलं असतं, मग स्क्रीनवर तेच करताना काटकोन समजावत बसावं लागत नाही.

नेट अजिबात नसेल तर कोलिब्री आणि किविक्स बघा. कोलिब्रीत धडे आणि व्हिडिओ एका मशीनवर उतरवून आजूबाजूच्या टॅबलेटना विना-नेट देता येतात, आणि किविक्समध्ये अख्खा विकिपीडिया ऑफलाइन मिळतो.

एका वेळी एकच शिका. दोन महिने एकच वापरलं तरी चालेल, मुलांनाही तेच बरं पडतं कारण प्रत्येक नवीन ॲपला पहिला तास फक्त कुठे दाबायचं हे कळण्यातच जातो.

५. परवानगी आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. हे कागद एका फाइलीत ठेवा:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, विशेषतः स्वतःचं मशीन आणत असाल तर
- पालकांचं संमतीपत्र, त्यात कोणतं ॲप, कशासाठी, मुलाची कोणती माहिती जाते, फोटो-आवाज रेकॉर्ड होणार का आणि तो कुठे ठेवणार, हे साध्या भाषेत
- वस्तूंची नोंदवही, सिरियल नंबरसकट, कुणी कधी नेलं-आणलं
- अकाउंट आणि पासवर्डची वही, ही कुलपात

बऱ्याच ऑनलाइन सेवांमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं अकाउंट उघडता येत नाही, अमेरिकेच्या १९९८ च्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यामुळे ही मर्यादा जगभर पसरली. म्हणजे प्राथमिकची सगळीच मुलं त्याच्या आत आली. खोटी जन्मतारीख टाकून अकाउंट उघडू नका, मुलांसमोर तर मुळीच नाही. लॉगिन लागत नाही असंच साधन निवडा, किंवा शिक्षकाच्या अकाउंटवर मुलांना पूर्ण नावाऐवजी हजेरी नंबर द्या. वर्गाचे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकण्याआधी एखाद्या पालकाने नको म्हटलंय का ते बघा, आणि नको म्हटलं असेल तर त्या मुलाला बाजूला बसवून फोटो काढण्यापेक्षा फक्त वह्यांचा आणि कामाचा फोटो काढा.

६. पहिला तास कसा घ्यायचा

चौथीचा अपूर्णांकाचा तास उदाहरण म्हणून पूर्ण सांगते, ह्याच साच्यात बाकीचे बसवता येतात.

स्क्रीन बंद. फळ्यावर प्रश्न, १/३ मोठा की १/४? प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं आणि का ते शेजाऱ्याला सांगायचं. बरीच मुलं १/४ म्हणतील, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. लगेच चूक-बरोबर सांगू नका. मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या, एकीचे तीन भाग, दुसरीचे चार, घडी घालून. तीन भागांची घडी जमता जमत नाही, पण त्या खटपटीतच 'समान भाग' म्हणजे काय ते कळतं.

आता स्क्रीन चालू, फेटचं अपूर्णांकाचं सिम्युलेशन. आकृती तीच, खालचा अंक ३ आहे. इथे थांबा आणि विचारा, मी हा ४ केला तर एक तुकडा लहान होईल की मोठा? सगळ्यांनी हाताने दाखवायचं, मगच क्लिक. मग ५, मग ६, दर वेळी आधी अंदाज मग क्लिक, ८ पर्यंत. क्लिक तुम्ही करू नका, एका मुलाला बोलवा आणि बाकीच्यांनी त्याला सांगायचं. ह्या तासात खरं शिकणं होतं ते अंदाज आणि क्लिकच्या मधल्या दोन-चार सेकंदांत, तिथे घाई केली तर उरतं ते नुसतं हलतं चित्र.

मग स्क्रीन पुन्हा बंद आणि विचारा, १/५० मोठा की १/१००? हे त्या आकृतीत दिसणार नाही, डोक्यातच करावं लागतं. आणि जाताना प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, २/५ आणि २/७ मध्ये मोठा कोणता आणि का. बस. पस्तीस मिनिटांच्या तासात स्क्रीन दहा मिनिटं चालू होती.

इथले सापळे:

दोन अपूर्णांक दाखवताना पूर्ण आकृत्या सारख्याच मापाच्या हव्यात, एक मोठा गोल आणि एक छोटा गोल असलं इंटरनेटवरून उचललेलं चित्र लावलं की तुलनाच मोडते आणि मुलं जास्त गोंधळतात.

स्लाइडवर लिहिलेलं तेच्या तेच वाचून दाखवू नका. रिचर्ड मायर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत असं दिसलं की चित्र आणि बोलणं एवढंच असतं तेव्हा जास्त समजतं, तीच वाक्यं पडद्यावरही लिहिली की समज कमी होते. म्हणजे पडद्यावर चित्र, बोलायला तुम्ही.

चालू स्क्रीनसमोर सूचना देऊ नका, कुणी ऐकत नाही. पॉवरपॉइंट आणि लिब्रेऑफिस इम्प्रेस दोन्हीत स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. ही एक युक्ती शिकलात तरी वर्ग अर्धा ताब्यात येतो.

व्हिडिओ दाखवायचा तर दोन-तीन मिनिटांचा तुकडा, तोही मध्ये थांबवत. 'आता पुढे काय होईल' असं विचारायची जागा आधीच शोधून ठेवा. पूर्ण व्हिडिओ लावून आपण वह्या तपासत बसणं हे शिकवणं नाही, आणि मुलांना हे बरोबर कळतं.

७. मुलांच्या हातात मशीन देताना

एका मशीनवर दोघं. एकाचा हात माऊसवर, दुसऱ्याचं काम सांगायचं, आणि ठरावीक वेळाने अदलाबदल. सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही हा नियम पक्का. हा नियम नसेल तर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच पूर्ण तास चालवतो आणि दुसरा नुसता बघतो, मुला-मुलींच्या जोड्यांत तर मुलगी मागे पडते हे मी वारंवार बघितलंय. म्हणून अदलाबदलीची घंटा तुम्ही वाजवा, त्यांच्यावर सोडू नका.

थांबायची एक खूण ठरवून घ्या. 'हात डोक्यावर' म्हटलं की सगळ्यांचे हात डोक्यावर, टॅबलेट असेल तर पालथा. ही खूण मशीन द्यायच्या आधी नुसतीच दोन-तीनदा खेळून घ्या. बिघडलं तर काय करायचं तेही आधी सांगा, आधी जोडीदाराला विचार, मग शेजारच्या जोडीला, मग मला. नाहीतर एकाच वेळी चारही बाजूंनी 'बाई, हे होत नाहीये' सुरू होतं.

लहान मुलांना डबल क्लिक आणि धरून ओढणं दोन्ही अवघड जातं, पकड मध्येच सुटते आणि मुलाला वाटतं आपलं उत्तर चुकलं. पहिली-दुसरीला एका क्लिकवर चालणाऱ्याच ॲक्टिव्हिटी द्या. डावखुऱ्या मुलाचा माऊस डावीकडे ठेवा, एवढं साधं असून बऱ्याच ठिकाणी कुणी करत नाही. ऐकू कमी येणारी, नजर अधू असलेली मुलं वर्गात असतील तर अक्षर मोठं करणं, वाचून दाखवणं, सबटायटल ह्या सोयी त्या मशीनमध्ये असतातच, सेटिंगमध्ये जाऊन त्यांच्यासाठी आधीच चालू करून ठेवा. अशा मुलांसाठी स्क्रीन ही खरंच फार मोठी मदत आहे, आणि माझ्या मते वर्गात एकच टॅबलेट असेल तर तो आधी त्यांच्या कामी यावा.

लवकर संपवणाऱ्यांना बक्षीस म्हणून गेम देऊ नका, नाहीतर सगळेच घाईघाईत कसंबसं उरकतात. त्यांना सांगा, आता असाच एक प्रश्न तू तयार कर.

८. शिकले का ते कागदावर बघा

ॲप सांगतं ८० टक्के बरोबर, पण त्यात अंदाजपंचे टॅप केलेलं किती ते कळत नाही. तपासणी स्क्रीनच्या बाहेरच करा, चिठ्ठी, तोंडी प्रश्न, वहीतली आकृती.

अपवाद एक, प्लिकर्स नावाचं ॲप. मुलांच्या हातात फक्त छापलेलं काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कार्ड, ते ज्या बाजूने वर धरलं त्यावरून उत्तराचा पर्याय ठरतो आणि तुमच्या फोनचा कॅमेरा सगळी कार्डं एकदम वाचतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही फायदा नाही, आणि जे मूल कधीच हात वर करत नाही त्याचंही उत्तर कळतं. कार्डाला चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकून कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही.

वाचनासाठी फोनवर प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन महिन्याला एकदा रेकॉर्ड करा. तीन महिन्यांनी आधीचं आणि आताचं त्यालाच ऐकवा. पालकांच्या भेटीलाही हे ऐकवलं की गुणपत्रकापेक्षा जास्त बोलतं.

९. एआयचं काय?

सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. स्वतःच्या तयारीला वापरा, एकाच उताऱ्याच्या सोपी-मध्यम-अवघड अशा तीन पातळ्या, सरावाची शाब्दिक उदाहरणं, गोष्टीवरचे प्रश्न. पण प्रत्येक ओळ वाचून, प्रत्येक गणित स्वतः सोडवून मगच वर्गात न्या, कारण चुकीचं उत्तरही ते तितक्याच ठामपणे देतं, मराठीत लिंग-विभक्तीच्या चुका होतात, आणि बनवलेल्या आकृत्या, नकाशे तर हमखास बिघडलेले असतात. मुलांची नावं, गुण, अडचणी त्यात टाकू नका. प्राथमिकच्या मुलांच्या हातात थेट देऊ नका.

१०. अडलं तर, आणि मशीन सांभाळताना

दर तासाला बिनाविजेचा पर्याय तयार हवा, वरच्या तासात कागदी पट्ट्या होत्या तसा. दुरुस्तीसाठी फार तर दोन मिनिटं द्यायची, नाही झालं तर बंद करून पुढे जायचं, मुलांना ताटकळत ठेवायचं नाही. नेहमीचे घोळ असे:

पडद्यावर काहीच येत नाही, तर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. तरी नाही, तर प्रोजेक्टरवर सोर्स बदलून बघा, केबल काढून पुन्हा घट्ट बसवा.

चित्र येतं पण आवाज नाही, तर एचडीएमआय जोडल्यावर आवाज प्रोजेक्टरकडे गेलेला असतो, आवाजाच्या चिन्हावर क्लिक करून स्पीकर निवडा.

मशीन अडकलं, तर मुलांसमोर पटापट कुठेही क्लिक करत सुटू नका, ते तेच शिकतात. थांबा, वाट बघा, मग रीस्टार्ट.

डोळ्यांसाठी २०-२०-२० लक्षात ठेवा, दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर, म्हणजे साधारण ६ मीटरवर बघायचं. खरं तर वर सांगितलंय तसं वापरलं तर सलग वीस मिनिटं स्क्रीन चालतच नाही. प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये वाकून बघायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. वायर मुलांच्या चालायच्या वाटेवरून नेऊ नका, न्यावीच लागली तर चिकटपट्टीने पूर्ण झाका. प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, दिवा लवकर जातो. टॅबलेट सुट्टीत महिनाभर ठेवायचे असतील तर पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले न ठेवता अर्धे चार्ज करून बंद करून ठेवा, आणि एखाद्याची पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीन उचलली गेली असेल तर बॅटरी फुगलेली आहे, तो दाबून बसवू नका, चार्जला लावू नका, मुलांपासून लांब ठेवून जाणकाराकडे द्या.